ट्रॉम्बेच्या अलीकडची माती आणि गच्चीवरची मेथी : किरणोत्सर्गी द्रव्यं जमिनीतून खरंच चालत येतात का?

गच्चीवरची_मेथी

नमस्कार मंडळी. आम्ही देवनारला राहतो, सात मजली सोसायटी आहे, गच्चीवर मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मिळून गेली चार वर्षं भाजी लावतोय. मेथी, पालक, अळू, मिरच्या, ड्रममधे एक शेवगा. माती अर्धी नर्सरीतली लाल आणि अर्धी आमच्याच कंपाउंडमधली काळी, पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला होता तेव्हा निघालेली, फुकट मिळाली म्हणून गोण्या भरून वर नेली. पाणी सोसायटीच्या बोअरवेलचं.

तर मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांमधून जमिनीखालून रेडिएशन पसरत पसरत चेंबूर, देवनार, मानखुर्दच्या मातीत उतरलंय, इथली भाजी खाऊ नका, सर्वांना पाठवा वगैरे. खाली नाव नाही, तारीख नाही. पण लगेच मीटिंगमधे विषय निघाला, सेक्रेटरी म्हणतात बाग बंद करा, आणि सासूबाईंनी तर त्या दिवसापासून मेथीला हात लावलेला नाही, ज्या स्वतः रोज सकाळी वर जाऊन पाणी घालायच्या.

मला भांडायचं नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय की अशा ठिकाणाजवळ काही सांडलं किंवा मुरलं तर ते मातीतून नेमकं कसं पुढे सरकतं, किती वेगाने, आणि भाजीत येतं का. बारावी सायन्स आहे पण वीस वर्षांपूर्वीची, त्या हिशोबाने सांगा.


विक्रोळी_स्लो

मेथी अंधारात चमकायला लागली की कळवा, जिन्यातल्या बल्बचा खर्च वाचेल 😄


मुरूमवाला

विक्रोळीकर, बाईंच्या घरात भाजीवरून शीतयुद्ध चाललंय आणि तुम्हाला बल्ब सुचतोय.

ताई, मी इमारतींच्या पायासाठी माती तपासायचं काम करतो, बोअर मारायचे, नमुने काढायचे, लॅबला पाठवायचे. अणुवाला नाही, पण पाणी आणि घाण जमिनीतून कशी जाते हे रोजचंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या फॉरवर्डमधलं वाक्यच चुकीचं आहे. रेडिएशन जमिनीतून पसरत येत नाही. दीड-दोन फूट माती मधे आली की सीझियमचे गॅमा किरणसुद्धा बहुतेक तिथेच जिरतात. सरकतात ते अणू, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, ट्रिटियम असली द्रव्यं, आणि ती पाण्याबरोबर सरकतात. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणतं द्रव्य पाण्याबरोबर किती इमानदारीने जातं.

आता गणपतीत दर्शनाला निघालेले तीन पाहुणे डोळ्यासमोर आणा. ट्रिटियम हा असा पाहुणा की दारातूनच हात जोडतो, चप्पलही काढत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूतच हायड्रोजनच्या जागी बसलेला असतो, पाणी जाईल तिथे तो. स्ट्रॉन्शियम प्रत्येक घरी प्रसादापुरता टेकतो, ते कॅल्शियमचं भावंड, मातीच्या कणांवर बसतं, दुसरं कॅल्शियम आलं की उठून पुढे जातं. आणि सीझियम म्हणजे तो मामा जो एकदा बसला की जेवल्याशिवाय हलत नाही. चिकणमातीत अभ्रकाच्या जातीची खनिजं असतात, वहीच्या पानांसारखे एकावर एक थर, आणि वापरून वापरून वहीचे कोपरे कसे फुलतात तसे त्या थरांचे कडेचे भाग थोडे उघडलेले असतात. सीझियमचा आयन त्या फटीत असा चपखल बसतो की निघता निघत नाही.

हिशोब मांडून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गल्लीचे नाहीत. द्रव्य मातीला किती धरून राहतं आणि पाण्यात किती उरतं याच्या प्रमाणाला आम्ही केडी म्हणतो. समजा जमिनीखालचं पाणी वर्षाला १० मीटर सरकतंय. मातीची घनता १.६ आणि पोकळी ०.४ धरली आणि सीझियमचा केडी ५०० धरला, तर सीझियम पाण्यापेक्षा सुमारे २००० पट हळू जातं, म्हणजे वर्षाला ५ मिलिमीटर. एक किलोमीटर यायला २ लाख वर्षं, आणि त्याची हाफ लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, आहे ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांतच हजारावा हिस्सा उरतो. स्ट्रॉन्शियमचा केडी २० धरला तर वर्षाला १२ सेंटीमीटरच्या आसपास, किलोमीटरला ८ हजार वर्षं, हाफ लाइफ त्याचीही २९. ट्रिटियम मात्र १०० वर्षांत पोचेल, पण त्याची हाफ लाइफ १२.३ वर्षं, तोवर आठ वेळा निम्मं झालेलं असेल.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात २६ एप्रिल १९८६ चा. त्यातलं सीझियम इतक्या वर्षांनंतरही तिथल्या मातीत बहुतांश वरच्या वीतभर थरातच सापडतं. फुकुशिमाला २०११ च्या भट्टीच्या अपघातानंतर जपान्यांनी शेतांची वरची ५ सेंटीमीटर माती खरवडून पोत्यात भरली, कारण माल तिथेच होता. ती माती जवळपास १ कोटी ४० लाख घनमीटर झाली आणि ओकुमा-फुताबाला साठवून ठेवलीय, २०४५ पर्यंत ती फुकुशिमाबाहेर हलवायची असा कायदाच आहे तिकडे. सरकत नाही हेही कधी कधी डोकेदुखीच असते.

आणि आपल्याकडचं बघायचं तर भट्ट्या आहेत त्या ट्रॉम्बेचा डोंगर आणि खाडी यांच्या मधे. जमिनीखालचं पाणी साधारण उताराने जातं, म्हणजे तिथलं पाणी खाडीकडे उतरणार, डोंगराला वळसा घालून वर देवनारला तुमच्या ड्रमात कशाला येईल.


शंकासूर

म्हणजे सगळं ऑल वेल, झोपा. असंच सांगतात नेहमी.


जुना_बॅज

मी निवृत्त माणूस, एका प्रयोगशाळेत २८ वर्षं माती, गवत, दूध, मासे यांचे नमुने मोजण्यात गेली. बॅज म्हणजे छातीला लावतो ती डोसची पट्टी, नवीन लोकांसाठी सांगितलं.

मुरूमवाले, तुमची गणपतीची गोष्ट आवडली, नातवाला सांगणार आहे. पण केडी तुम्ही असा मांडलात जसा काही तो सीझियमचा जन्मजात स्वभाव. तसा नाही हो तो. केडी हा द्रव्य, माती आणि पाणी तिघांचा मिळून असतो आणि तिघांतला एक बदलला की तुमची २ लाख वर्षं कागदावरच राहतात.

अमेरिकेत हॅनफर्ड म्हणून जागा आहे, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, १९४४ पासून बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायची. तिथे जमिनीत पुरलेल्या १७७ टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा. १९७३ मधे टी-१०६ नावाच्या एकाच टाकीतून सुमारे ४.३५ लाख लिटर गळून गेला आणि कित्येक आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. आता तुमच्या हिशोबाने तिथलं सीझियम टाकीखालीच बसायला हवं होतं. पण काही टाक्यांखाली ते अपेक्षेपेक्षा बरंच खोल गेलेलं आढळलं, का, तर गळलेलं पाणी साधं नव्हतं, त्यात सोडियम ठासून भरलेलं होतं, गरम होतं, त्या सोडियमनेच आधी जाऊन मातीच्या कणांवरच्या बसायच्या सगळ्या जागा अडवल्या, मग सीझियमला बसायला जागा कुठली, ते गेलं खाली. खाऱ्या पाण्यात हेच होतं. आपल्या खाडीकाठच्या चिखलात खारं पाणी आत-बाहेर करतं, तिथे गोड्या पाण्याचा केडी लावून चालत नाही.

दुसरं प्लुटोनियमचं. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हे मातीला इतकं घट्ट धरतं की हलणारच नाही. अमेरिकेतच नेवाडामधे १९६८ ला जमिनीखाली एक अणुचाचणी झाली होती, बेनहॅम नावाची. तिचं प्लुटोनियम १.३ किलोमीटर लांबच्या विहिरीत सापडलं, १९९९ ला ते छापून आलं. ते पाण्यात विरघळून गेलं नव्हतं, मातीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून त्या कणांसकट वाहत गेलं होतं. मातीला धरून बसलंय म्हणून आपण निर्धास्त आणि मातीच चालायला लागली! मात्रा फार थोडी होती हेही सांगतो, नाहीतर उद्या त्याचाही फॉरवर्ड होईल.

आणि तिसरं, जे आपल्या दख्खनच्या लोकांना शिकवायला नको, भेगा. आपली काळी माती मे महिन्यात कशी फाटते, मनगट जाईल एवढी भेग पडते. जूनचा पहिला पाऊस मातीतून झिरपत नाही, सरळ भेगेतून खाली जातो. तिथे केडी ५०० असो की ५०००, पाणी मातीच्या कणांना भेटलंच नाही तर धरणार कोण. खालच्या बेसाल्टमधेही तेच, दगड घट्ट पण सांधे मोकळे.

टेक्नेशियम-९९, तेही भट्टीच्या कचऱ्यातलंच, तुम्ही सोडलंत. ते पाण्यात ऋण प्रभाराचं असतं, माती पण ऋण, त्यामुळे माती त्याला जवळच करत नाही, पाण्याच्या वेगाने जातं, आणि हाफ लाइफ २ लाख ११ हजार वर्षं. कचरा पुरायची जागा शोधणाऱ्यांची झोप उडवतं ते हे, सीझियम नव्हे. युरेनियमचं आणखी वेगळं, हवा मिळाली आणि पाण्यात कार्बोनेट असलं की पाण्याबरोबर चालतं, दलदलीत ऑक्सिजन संपला की दगड होऊन बसतं.

आणि सगळंच काही जमिनीतून जात नाही. रशियात मायाक या अणुकारखान्याजवळ कराचाय नावाचं तळं होतं, त्यात कचरा सोडायचे. १९६७ ला दुष्काळात तळं आटलं, काठ उघडे पडले आणि वाऱ्याने ती धूळच उचलून नेली. पाण्याला जे अंतर कापायला शतकं लागली असती ते वाऱ्याने दिवसांत कापलं. त्यामुळे कधी घाबरायचंच झालं तर आधी हवा, मग दूध (हवेतलं गवतावर बसतं, गवत गाय खाते), मग पाणी, माती शेवटी.


शंकासूर

काका, तुम्ही त्यातलेच. तुम्ही वाईट का सांगाल?


जुना_बॅज

वर तीन परिच्छेद वाईटच सांगितलं की रे बाबा.

पण तुझा मुद्दा मान्य आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून घ्या. फक्त कसं मोजतात ते समजून घ्या, नाहीतर तो ऑनलाइन मिळणारा तीन हजाराचा गायगर, म्हणजे रेडिएशनवर कटकट वाजणारं यंत्र, आणाल, तो कुठल्याही मातीवर कटकट करेल आणि सोसायटीत पळापळ होईल. तो आहे एवढंच सांगतो, काय आहे ते सांगत नाही.

माती सुकवायची, खडे-मुळं काढायची, चाळायची, वजन करून डब्यात भरायची. रेडियम बघायचं असेल तर डबा सील करून महिनाभर ठेवायचा, म्हणजे आत रेडॉन साठून हिशोब स्थिर होतो. मग शिशाच्या जाड विटांच्या घरात, द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियम डिटेक्टरवर तो डबा टोपीसारखा बसवायचा आणि रात्रभर मोजत ठेवायचा. सकाळी आलेखावर सुळके दिसतात. १४६० चा सुळका (हे आकडे किरणांच्या ऊर्जेचे) प्रत्येक मातीत दिसणारच, तो पोटॅशियम-४०, जगभर सरासरी किलोमागे ४०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतात, तो निसर्गाचा. तुमच्या माझ्या अंगातही त्याचे चार हजारांच्या वर बेकरेल आहेत, मेथी खा किंवा नका खाऊ.

६६२ वर सुळका आला तर सीझियम-१३७. पण थोडासा तोही जगात जवळपास कुठेही येतो, कारण १९५० आणि ६० च्या दशकात महासत्तांनी हवेत जे बॉम्ब फोडले त्याची राख सगळ्या पृथ्वीवर पडली. १९६३ च्या सुमाराला ती सगळ्यात जास्त होती, इतकी की तळ्याच्या गाळात तो थर सापडला की भूशास्त्रवाले त्यावरून गाळाचं वय काढतात. मग नवं की जुनं कसं ओळखायचं? शेजारी सीझियम-१३४ आहे का बघायचं. त्याची हाफ लाइफ २ वर्षं, बॉम्बच्या काळचं केव्हाच संपलं. १३४ दिसलं तर अलीकडे कुठल्या तरी भट्टीतून आलंय, नाही दिसलं तर बहुधा जुनी राख. माझ्या सगळ्या नोकरीत सकाळी पहिलं काम हेच, चहाच्या आधी, १३४ च्या जागी काही आहे का बघायचं.

सामान्य माणसासाठी अशा कामांमुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे अंगाला मिळणाऱ्या डोसचं माप) जास्त डोस जायला नको असा आपल्याकडे नियम आहे, निसर्गातून सरासरी मिळतो २.४. आपला बेसाल्ट उलट गरीब दगड आहे, ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम-थोरियम कमी. केरळच्या करुणागापल्लीच्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमवालं खनिज आहे, तिथे निसर्गच आपल्या कित्येक पट देतो.


गच्चीवरची_मेथी

काका, मुरूमवाले, खूप आभार. अर्धं समजलं, अर्धं परत वाचतेय. पण भाजीत येतं का ते राहिलं.


मुरूमवाला

काकांनी माझा केडी धुतला तो मान्य, मी साध्या पाण्याचाच विचार केला होता, आणि भेगांचं तर मला सुचायला हवं होतं, रोज खड्ड्यात उभा असतो.

भाजीचं असं की झाडाला सीझियम ओळखता येत नाही, ते पोटॅशियम समजून उचलतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियम समजून. म्हणून जमिनीत खरं पोटॅशियम भरपूर असलं की झाड त्यावरच पोट भरतं. फुकुशिमाच्या भातशेतीत हाच उपाय केला, पोटॅश टाकलं आणि तांदळात येणारं सीझियम खाली आलं. जमिनीत चिकणमाती जास्त तेवढं भाजीत कमी, उलट रेताड किंवा पालापाचोळ्याच्या जमिनीत जास्त, म्हणून युरोपच्या जंगलात आजही अळंबी आणि रानडुकरांत सापडतं.

आता न विचारलेलं सांगतो. तुमची काळी माती कंपाउंडच्या खड्ड्यातून आलीय म्हणालात. देवनारला वरचे दोन-चार मीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी भराव, जुनं डेब्रिज, रंगाचे पोपडे, कधी कधी कचराही. रस्त्याकडेची माती असेल तर २००० साली बंद होईपर्यंत शिशाचं पेट्रोल जळत होतं, ते शिसंही सीझियमसारखंच वरच्या थरात चिकटून बसतं आणि त्याला हाफ लाइफ नाही. मी असतो तर सीझियमच्या आधी शिसं आणि क्रोमियम तपासलं असतं. बोअरच्या पाण्याचा खारेपणाही बघा, अळूची पानं कडेने करपत असतील तर तेच.


फळा_आणि_डस्टर

मी मुलुंडला शाळेत विज्ञान शिकवते. सासूबाईंना केडी समजावू नका, दाखवा. पाण्याची दोन लिटरची बाटली अर्धी कापा, झाकणाला चार भोकं, उलटी टांगा, आत कापसाचा बोळा. काळी माती आणि निम्मी रेती मिसळून भरा, नुसती काळी भरलीत तर रात्रभर थेंब उतरणार नाही. ॲक्वेरियमच्या दुकानात माशांना देतात ते मिथिलीन ब्लू मिळतं आणि वाण्याकडे खायचा पिवळा रंग. दोन्ही पाण्यात थोडे थोडे घाला, पाणी हिरवं होईल. ते वरून ओता आणि खाली काय रंगाचं येतं ते बघा. निळा धन प्रभाराचा, सीझियमसारखा. पिवळा ऋण, काकांच्या टेक्नेशियमसारखा. आमची सातवीची मुलं दरवर्षी ओरडतात.


गच्चीवरची_मेथी

केलं! दोनदा केलं, पहिल्यांदा फसलं.

पहिली बाटली मी भरून उन्हात ठेवली आणि विसरले, दोन दिवसांनी आठवण झाली. हिरवं पाणी ओतलं तर अर्ध्या मिनिटात खाली हिरवंच्या हिरवं, जसं ओतलं तसं. सासूबाई म्हणाल्या बघ, सगळं येतंय खाली. मला रडूच आलं. मग काकू वाकून बघतात तर माती सुकून आक्रसलेली, प्लॅस्टिकपासून सुटलेली, बाजूने सगळीकडे बोटभर फट, पाणी मातीत शिरलंच नव्हतं. जुना बॅज काका, तुमची भेग!

दुसरी बाटली ओली करून दाबून भरली. संध्याकाळी ओतलं, सकाळपर्यंत ग्लासात पिवळं गढूळ पाणी, निळ्याचा मागमूस नाही. बाटली उभी कापली तर निळं वरच्या दोन बोटांत अडकलेलं, खाली माती जशीच्या तशी. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या.

मातीचे दोन नमुने शिसं आणि क्रोमियमसाठी लॅबला दिलेत, आठ दिवसांत येतील, सेक्रेटरींना सांगितलंय तोवर ड्रमला हात लावायचा नाही. मेथी अजून काढलेली नाही. फक्त सासूबाई आज सकाळी वर गेल्या होत्या पाणी घालायला, आणि खाली आल्यावर म्हणाल्या, आधी त्या ड्रमांमधल्या कडेच्या फटी बुजव, पाणी नुसतं वाहून जातंय.


विक्रोळी_स्लो

रिपोर्ट आला की टाका इथे. बल्बचा विनोद मागे घेतो.